बाजाराचा दुसरा दिवस

कुसुमताईंना कोणी तब्येत विचारली की त्या आधी आज वार कोणता ते आठवायच्या आणि मग उत्तर द्यायच्या. बाजाराच्या आदल्या दिवशी विचारलं तर "एकदम ठणठणीत." बाजाराच्या दुसऱ्या दिवशी विचारलं तर छातीवर हाताच्या दोन थापा मारायच्या आणि म्हणायच्या, "आज नोको विचारू, बाई." सगळी गल्ली यावर हसायची. मीसुद्धा हसायचे. वार पाहून आजारी पडणारी बाई आम्ही दुसरी पाहिली नव्हती.

आमची वस्ती पांढुर्ण्यात, रेल्वेच्या पलीकडे. त्यांचं दार माझ्या दारासमोर, मधे फक्त एक नाली. कुसुमताई मूळच्या रामाकोन्याकडच्या. एकोणीस वर्षांच्या असताना दादारावभाऊंशी लग्न होऊन इथे आल्या आणि त्याच वर्षी कापसाच्या जिनिंगात कामाला लागल्या. दादारावभाऊ संत्रा मंडीत हमाल. माणूस इतका गरीब की ठेल्याला कोणी धडकलं तरी हेच माफी मागणार. बायकोनं बोलायचं आणि नवऱ्यानं ठेला ओढायचा, अशी त्यांच्या संसाराची वाटणी होती. दोघांची एकच मुलगी, अश्विनी. तिच्यावर दोघांचा जीव, पण तिच्याशी बोलायचं कामही कुसुमताईंकडेच होतं.

आता मी अंगणवाडीत आहे. पण त्याआधी दोन हंगाम मीही कुसुमताईंच्या शेजारी रेच्यावर उभी राहिले आहे, म्हणून सांगते. रेचा म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढून रुई पुढे ढकलणारं यंत्र. लांबलचक शेडमध्ये रेच्यांची रांग, प्रत्येकासमोर एक बाई. समोर आलेला कापूस हातानं पसरवून यंत्राच्या तोंडात द्यायचा, देत राहायचा. आवाज असा की शेजारणीला काही सांगायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. आणि हवेत सगळीकडे रुईचा बारीक भुसा. तो दिसतो, पण पकडता येत नाही. नाकातोंडाला ओढणी बांधली तरी आत जातो. पाळी सुटून बाहेर आलो की भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, केस पांढरे. विशीतल्या पोरीसुद्धा सासवांसारख्या दिसायच्या आणि आम्ही एकमेकींना "काय वं सासूबाई" म्हणून चिडवत घरी यायचो.

फाटकाजवळ मुकादम गुळाची ढेप घेऊन बसलेला असायचा. प्रत्येकीच्या तळहातावर एकेक खडा. गूळ खाल्ला की घशातली रुई खाली उतरते, अशी जिनिंगातली जुनी समजूत. रुई जाते छातीत आणि गूळ जातो पोटात, मग या दोघांची गाठ पडणार कुठे, हे कोणीही विचारलं नाही. मालकाला गूळ स्वस्त पडत होता आणि आम्हाला गोड लागत होता.

हंगाम दिवाळीच्या पुढेमागे सुरू होतो. सुरू झाला की पहिले काही दिवस सगळ्यांनाच कणकण यायची. छाती आवळायची, अंग मोडून यायचं, संध्याकाळी ताप. जुन्या बाया म्हणायच्या, नवा कापूस अंगी लागेपर्यंत असंच होतं. मग हळूहळू सगळं ठीक व्हायचं. पुढे त्रास व्हायचा तो आठवड्यातून एकदाच. बाजाराच्या दिवशी जिनिंग बंद. त्या दिवशी घरी न्हाणंधुणं, भाजीपाला, जरा आडवं होणं. आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेलं की दुपारपासून छातीवर कोणीतरी पाटा ठेवल्यासारखं व्हायचं. त्याच्या पुढच्या दिवशी थोडं कमी, मग आणखी कमी.

सगळ्यांनी हे सोसलं आणि सोडून दिलं. कुसुमताईंनी मात्र त्यावर विचार केला. वाईट हेच झालं.

"पाय अमिता," त्या एकदा मला म्हणाल्या. आम्ही फाटकाबाहेर गूळ चघळत उभ्या होतो. "कामावर रोज आली का मी बरी. एक दिवस घरी बसली का बीमार. मंग दोष कोनाचा? कामाचा का छुट्टीचा?"

मी म्हटलं, "छुट्टीचा कसा असंल, ताई?"

"नाई तं कोनाचा सांग."

मला सांगता आलं नाही. तुम्हाला तरी आलं असतं का? दर आठवड्याला डोळ्यांसमोर तेच घडत होतं. सुटी घ्या, आजारी पडा. कामाला लागा, बरे व्हा. शहाण्यातल्या शहाण्या माणसानंही हाच हिशेब केला असता, आणि कुसुमताई शहाण्या होत्या.

"छुट्टी बाधते," त्यांनी निकाल दिला. "छातीले कापसाची सवय आहे. सवय तुटली का ते रुसते."

त्यांनी नुसता निकाल दिला नाही, उपायही काढला. बाजाराच्या दिवशी शेड बंद असते तेव्हा आतली सफाई चालते. रेच्यांमध्ये अडकलेली रुई ओढून काढायची, खालचा भुसा झाडायचा, पत्र्यांवर बसलेला थर खाली पाडायचा. इतकं घाणेरडं काम की त्यासाठी मुकादमाला बाया मिळत नसत. कुसुमताई आपणहून गेल्या. त्या दिवशी शेडमध्ये खराट्यानं इतका भुसा उडतो की समोरचा माणूस दिसत नाही. कुसुमताई त्या ढगात दिवसभर उभ्या राहिल्या आणि दुसऱ्या दिवशी छाती आवळली नाही. झालं! उपाय लागू पडला. त्यांनी रांगेतल्या सगळ्या बायांना सांगितलं. त्यांचं ऐकायचे सगळे. सर्वांत जुन्या, रांगेच्या टोकाचा रेचा त्यांचा, शब्दाला वजन. बाया पाळीपाळीनं बाजाराच्या दिवशी झाडायला जायला लागल्या, एखाद्या औषधाच्या डोसासारख्या. मुकादमाला तर आयतंच घबाड मिळालं. तो कशाला बोलतो?

पावसाळ्यात जिनिंग बंद असते तेव्हा काय करायचं, याचीही तोड त्यांनी काढली. उरलीसुरली, झाडून काढलेली रुई त्या पोत्यानं घरी आणायच्या, हातानं पिंजायच्या आणि गाद्या-उशा भरायच्या. छोटीशी खोली, दार लावलेलं, बाहेर पावसाची झड आणि आत ही बाई कापूस पिंजत बसलेली. "छाती विसराले नाई पायजे," म्हणायच्या. आमच्या गल्लीतल्या निम्म्या उशा त्यांच्या हातच्या आहेत. माझ्या घरातल्याही.

असं करत वर्षं गेली. मी अंगणवाडीत लागले आणि रेच्यापासून सुटले. कुसुमताई सुटल्या नाहीत. पुढे पुढे त्यांचा वार पाहून आजारी पडणं बंद झालं, कारण सगळेच वार सारखे झाले. खोकला मुक्कामाला आला. नालीवरची फरशी ओलांडून माझ्या दारी येईस्तोवर त्यांना धाप लागायची, आणि चौकट धरून त्या आधी श्वास पुरा करायच्या, मग बोलायच्या. बोलण्यात कधीही न थांबणारी बाई ती. गावातल्या एका डॉक्टरनं विचारलं, बिडी पिता का. जन्मात कधी ओढली नव्हती. दुसऱ्यानं थुंकी तपासली, काही निघालं नाही, तरी टीबीच्या गोळ्या चालू करून दिल्या. त्या त्यांनी पुऱ्या खाल्ल्या. फरक शून्य. कोणत्याच डॉक्टरनं त्यांना विचारलं नाही की बाई, तुम्ही काम काय करता.

आमच्या गावात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीच्या जत्रेत नदीकाठी सावरगाववाले आणि पांढुर्णावाले एकमेकांवर दगड भिरकावतात, तेव्हा डोकी फुटणार म्हणून डॉक्टर आधीपासून तयार बसलेले असतात, गाड्या उभ्या असतात, पोलीस असतात, टीव्हीवाले असतात. एका दिवसाच्या जखमेला एवढी सरबराई. आणि हंगामभर रोज थोडी थोडी छाती बंद होते तिला गुळाचा खडा. गाव जिल्ह्याचं ठिकाण झालं, दुकानांवरच्या पाट्या बदलल्या. गुळाचा खडा तोच राहिला. माझं डोकं फिरतं ते इथे.

कुसुमताईंना मात्र आपल्या दुखण्याचं कारण पक्कं ठाऊक होतं. "पावसाया लंबा होऊन राहिला आजकाल," त्या म्हणायच्या. "जिनिंग लय दिवस बंद राह्यते. छाती पार सवय सोडते."

अश्विनी बारावी झाली आणि तीही जिनिंगात लागली. तिला कम्प्युटरचा कोर्स करायचा होता, तोवर एक-दोन हंगाम करते म्हणाली. आईला आनंदच झाला. पोर डोळ्यांसमोर राहील. पहिल्याच आठवड्यात अश्विनीला कणकण आली, छाती आवळली. मी म्हटलं, "दोन दिवस घरी राहू द्या पोरीले." कुसुमताईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी लेकराला विहिरीत ढकला म्हणाले. बाजाराच्या दिवशी त्यांनी तिला हाताला धरून झाडायला नेलं. स्वतःला फार वेळ उभं राहवत नव्हतं, तरी पोरीसोबत दिवसभर शेडमध्ये बसून राहिल्या. संध्याकाळी परत येताना दोघी पांढऱ्याफटक. कुसुमताईंनी आपल्या पदरानं अश्विनीच्या पापण्या पुसल्या आणि आपल्या वाट्याचा गुळाचा खडाही तिलाच दिला. मी दारातून पाहत होते. इतक्या मायेनं कोणी कोणाला विष पाजलेलं मी पाहिलं नाही.

अश्विनीची छाती आईच्या शब्दाप्रमाणे वागली. रोज गेली की बरी, राहिली की त्रास. तिसऱ्या हंगामापर्यंत ती एकही बाजार चुकवत नव्हती. कम्प्युटरचा विषय मागे पडला.

त्याच हंगामात कुसुमताई रेच्यासमोरच खाली बसल्या आणि त्यांना उठता येईना. दादारावभाऊंनी आणि मी त्यांना गाडीनं नागपूरला नेलं, मोठ्या दवाखान्यात. डॉक्टरांशी बोलता येतं म्हणून मला बरोबर घेतलं. अश्विनी आली नाही. आईचा रेचा आता तिच्याकडे होता.

आठवडाभर ठेवून घेतलं. नाकाला नळी, फुंकायच्या तपासण्या, छातीचे फोटो. सुटायच्या दिवशी एक तरुण डॉक्टरीण खाटेजवळ स्टूल ओढून बसली. तिनं कामाचं विचारलं. कापूस ऐकल्यावर ती जरा पुढे वाकली.

"मावशी, सुरुवातीच्या वर्षांत त्रास रोज व्हायचा की एखाद्या ठरावीक दिवशी?"

कुसुमताईंचा चेहरा उजळला. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्यांना बरोबर प्रश्न विचारला होता. थांबत थांबत, पण अभिमानानं त्यांनी सगळं सांगितलं. बाजाराचा दिवस, दुसऱ्या दिवसाची छाती, छुट्टी बाधते, शेड झाडायचा उपाय, पावसाळ्यातल्या गाद्या.

डॉक्टरीण लिहायचं थांबली.

"मावशी," ती हळू बोलली, "सुटीनं तुम्हाला काही केलं नाही. सुटीच्या दिवशी तुमची छाती मोकळी होत होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा कापसाची धूळ गेली की ती आवळायची. रोज धूळ मिळाली की ती दुखायची थांबायची, पण बरी होत नव्हती. आतून खराब होतच होती. फक्त तुम्हाला कळायचं बंद झालं होतं."

दादारावभाऊ माझ्याकडे पाहायला लागले, मी खिडकीकडे.

मग कुसुमताईंनी विचारलं. मला वाटलं होतं त्या विचारतील, मी बरी होईन का. त्यांनी तसं विचारलंच नाही.

"नवी पोरगी असंल... दोन-तीन हंगामाची... तिचं काय?"

"आत्ता सोडलं तर छाती बरीचशी मोकळी होऊ शकते," डॉक्टरीण म्हणाली. "उशीर केला तर नाही. आणि तुम्ही आता त्या धुळीत पाऊल ठेवायचं नाही, मावशी. एकदासुद्धा नाही."

परतीच्या गाडीत काटोल गेलं, नरखेड गेलं, कुसुमताई बाहेर पाहत होत्या. नरखेड सोडल्यावर एवढंच म्हणाल्या, "मी नेलं तिले हाताले धरून." दादारावभाऊंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. खरं होतं ते कसं खोडणार?

घरी आल्याआल्या त्यांनी अश्विनीला समोर बसवलं. पण सांगणार कशानं? ज्या छातीनं वीस-पंचवीस वर्षं साऱ्या रांगेला छुट्टी बाधते म्हणून ओरडून पटवलं होतं, त्या छातीत आता तीन शब्दांचीही हवा उरली नव्हती. "अश्विनी... ते छुट्टी..." आणि खोकल्याची उबळ. "डाक्टरीण म्हने..." पुन्हा उबळ. अश्विनीनं पाठ चोळली, पाणी दिलं आणि समजूत घातली.

"आई, तू बोलू नोको. तुले आराम बाधला. पाय, आठ दिवस खाटेवर पडली आनखी किती बिघडली. तूच तं शिकवलं मले."

मी सांगून पाहिलं. डॉक्टरीण काय म्हणाली ते शब्दाला शब्द सांगितलं. अश्विनीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. पोरगी उद्धट नाही, तेच तर अवघड होतं.

"काकू, त्या डाक्टरणीनं कधी रेचा पायला काय? मी तीन साल झाले करून राहिली. रोज गेली तं मले काहीच होत नाई. घरी राह्यली तं होते. मंग मी माह्या छातीचं ऐकू का तिचं?"

मी चिडले, वाट्टेल ते बोलले. ती डबा घेऊन कामावर निघून गेली. पुढचे कितीतरी दिवस हेच चाललं. आई वाक्य सुरू करायची, आणि ते पुरं व्हायच्या आत अश्विनी चप्पल घालून नालीपलीकडे गेलेली असायची. एकदा कुसुमताई दारापर्यंत धावल्या. चौकट धरून उभ्या राहिल्या, तोंड उघडं, आवाज नाही. अश्विनीनं वळून हात हलवला. तिला वाटलं, आई निरोप देतेय.

मग एका बाजाराला अश्विनीला तापानं उठवेना, म्हणून ती झाडायला गेली नाही, घरीच झोपून राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ओढणी बांधून कामावर गेली. कुसुमताईंनी दादारावभाऊंना ठेला काढायला लावला. "बायाइले भेटून येतो जरा," म्हणाल्या. मला खरं वाटलं. इतकी वर्षं सोबत उभं राहिलेल्या बाया, भेटावंसं वाटणारच. ठेल्यावर त्यांचीच एक गादी टाकली, त्यांना बसवलं, मी नागपूरहून दिलेला श्वासाचा पंप पिशवीत घेतला आणि बाजूनं चालायला लागले. रस्त्यानं लोक रामराम, जय भीम करत होते. कुसुमताई हात उंचावून उत्तर देत होत्या. त्या दिवशी त्यांचा श्वास बरा होता, चेहराही बरा दिसत होता.

फाटकाशी ठेला थांबला. म्हटलं, मी बायांना दुपारच्या सुटीत बाहेर बोलावते. कुसुमताई तोवर उतरल्या होत्या. "ताई, आतमंदी नोको!" मी ओरडले. त्यांनी ऐकलं नाही, किंवा रेच्यांच्या आवाजात ऐकू आलं नाही. मी धावले. त्या भिंत धरून धरून, पण सरळ चालत शेडच्या शेवटच्या टोकाला गेल्या, आपल्या रेच्याशी. तिथे अश्विनी उभी होती. आईला पाहून तिचे हात थांबले.

कुसुमताईंनी तोंडावरचा पदर बाजूला केला. यंत्राच्या तोंडाशी, जिथे भुसा सगळ्यात दाट उडतो, तिथे वाकल्या आणि जितका घेता येईल तितका श्वास आत घेतला. मुद्दाम. मग दुसरा.

तिसरा घेता आला नाही. छाती वर उचललेलीच राहिली, खाली येईना. ओठ निळे पडले, हात हवेत काहीतरी शोधायला लागले. कोणीतरी यंत्र बंद केलं, मग पुढचं, मग त्याच्या पुढचं, आणि ती अख्खी शेड मी पहिल्यांदा चालू पाळीत शांत झालेली ऐकली. त्या शांततेत फक्त कुसुमताईंच्या घशाचा आवाज येत होता. अश्विनीनं आईला उचललं. लेकराला उचलावं तसं दोन्ही हातांवर घेतलं आणि पळत अंगणात आणलं.

ठेल्यावर बसवून पंप दिला, पुन्हा दिला. रडत, ओरडत मी त्यांना शिव्या घातल्या. "मराले आल्या होत्या काय अठी? डाक्टरणीनं सांगतलं होतं ना, पाऊल ठेवू नोका म्हणून!" दादारावभाऊ ठेल्याची दांडी घट्ट धरून उभे होते. बाया गोल करून उभ्या राहिल्या, सगळ्या पांढऱ्या भुवयांच्या. बऱ्याच वेळानं ओठांचा रंग परतला. कुसुमताईंनी अश्विनीचा हात ओढून आपल्या छातीवर ठेवला आणि एकेक शब्द बाहेर काढला.

"काल... घरी होती मी. बरी होती." थांबल्या. "आज आली. पायलं?" पुन्हा थांबल्या. "छुट्टी नाई वं... कापूस."

अश्विनीनं तोंडाची ओढणी सोडली. आत तिचा डबा राहिला होता, पाण्याची बाटली राहिली होती. ती आणायला गेली नाही. ठेल्याची एक दांडी बापाच्या हातात, एक तिच्या, असे ते घरी आले.

कुसुमताई हंगाम संपायच्या आत गेल्या. त्यांना त्या दोन श्वासांनी नेलं की आधीच्या सगळ्या वर्षांनी, हे मी डॉक्टरिणीला विचारलं नाही. विचारून काय उपयोग? वस्तीतल्या सगळ्यांनी त्रिसरण-पंचशील म्हटलं, रेच्यावरच्या बायाही आल्या होत्या. त्या दिवशी बाजार होता. शेड झाडायला मात्र काही जणी गेल्याच. आता वस्तीतल्या बाया जात नाहीत म्हणून मुकादमानं बाहेरगावच्या बाया आणल्या आहेत, त्या झाडतात. गूळ अजूनही मिळतो.

अश्विनीला आम्ही नागपूरला दाखवून आणलं. छाती थोडी खराब आहे, पण वेळेत सुटली, असं डॉक्टरीण म्हणाली. आता ती मंडीत संत्री निवडते, बापाच्या नजरेसमोर. आईच्या हातच्या साऱ्या गाद्या-उशा तिनं गावाबाहेर नेऊन जाळल्या. माझ्याही नेल्या. तेव्हापासून मी डोक्याखाली लुगडं घेऊन झोपते.

या दिवाळीनंतर आमच्या गल्लीतली पूजा जिनिंगात लागली. दहावी झालेली पोर. परवा सकाळी डबा घेऊन निघाली होती. अश्विनी दारात केस विंचरत होती. तिनं सहज विचारलं, "कसं वाटून राहिलं वं कामावर?"

पूजा हसली. छातीवर हाताच्या दोन थापा मारल्या. "आज नोको विचारू, ताई. परवा छुट्टी घेतली ना, थेच काल बाधली."

पूजाला हे कोणी शिकवलं नव्हतं. कुसुमताईंना तिनं धड पाहिलंही नव्हतं.

अश्विनीच्या हातातली फणी तिथेच राहिली. नाली ओलांडून ती आली, पूजाच्या हातातला डबा काढून घेतला आणि तिला माझ्या ओट्यावर बसवलं. मग तिनं सांगायला सुरुवात केली, आईचं, पहिल्यापासून. बाजाराचा दिवस, शेडची सफाई, गुळाचा खडा, तो ठेला, ते दोन श्वास. मी दाराशी उभी राहून ऐकत होते. अश्विनी मधे कुठेही थांबली नाही, तिला खोकलाही आला नाही. आईला जे वाक्य कधी पुरं करता आलं नाही, ते तिनं एका दमात शेवटपर्यंत सांगितलं.